एका चित्राचा दसरा

पितृपंधरवडा लागला, की आमच्या कोल्हापुरात दसरा काढायला सुरुवात होते. बाहेरगावच्या वाचकाला हा शब्दप्रयोग थोडा उलगडून सांगायला हवा. दसऱ्याचा सण अजून दूर असतो, घटही बसायचे असतात. तरीही घरोघरी दसरा 'काढला' जातो. म्हणजे घरातली प्रत्येक वस्तू जागेवरून हलवायची, झाडायची, धुवायची, तिला ऊन दाखवायचे आणि मग पुन्हा जागेवर ठेवायची. माळ्यावरची पितळी पातेली खाली येतात. पडदे उतरतात. चार महिने ओल पिऊन जड झालेल्या वाकळा, म्हणजे जुन्या कापडांच्या गोधड्या, बाहेर निघतात. घरात एकही चिंधी न धुतलेली राहिली, तर घट बसवू नयेत असा आमच्याकडचा दंडक आहे आणि तो मोडल्याचे मी कधी पाहिलेले नाही.

पूर्वी वाकळा पंचगंगेच्या घाटावर जात. आता आमच्या गल्लीतल्या वाकळा मोटारी धुण्याच्या सेंटरवर जातात. तिथे सिमेंटच्या उतारावर त्या पसरतात आणि नळीच्या जोरदार फवाऱ्याने त्यांच्यातला वर्षभराचा मळ निघतो. मळ निघताना पाणी आधी काळे येते, मग करडे, मग गढूळ पांढरे, आणि शेवटी स्वच्छ. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. मला तो माहीत होता, आणि ऐन वेळी आठवला नाही.

भाद्रपदातले ऊन हे वर्षातले सर्वांत प्रामाणिक ऊन, असे मी वर्गात मुलांना सांगत असे. उन्हाळ्यातल्या उन्हात धूळ असते, थंडीतल्या उन्हात धुके असते. पावसाने हवा धुऊन निघाल्यावर पडणाऱ्या या उन्हात मात्र रंग जसा असतो तसाच दिसतो. रंगकामाला हेच दिवस निवडावेत. छत्तीस वर्षे चित्रकला शिकवताना हे वाक्य मी दर वर्षी उच्चारले, आणि दर वर्षी ते उच्चारताना माझी नजर खिडकीबाहेर जाई. कारण रंग जसा असतो तसाच दिसणे ही प्रत्येकाला सोसणारी गोष्ट नसते.

यंदाही पंधरवडा लागला. आमच्या घरासमोर वाकळा वाळत पडल्या. माझी पत्नी शालन स्टुलावर चढून माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली घेऊन, ती उघडून बसली, आणि ट्रंकेच्या तळातून नेहमीप्रमाणे ते गाठोडे निघाले. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले, वरून सुतळीने बांधलेले, तळहाताएवढे.

"अहो, हे अवंदा तरी धुवायला टाकू का?"

"नको."

"लग्न झाल्यापास्नं बघते. सगळ्या घराचा दसरा निघतो, ह्याचा तेवढा निघत न्हाय. आत सोनं हाय काय?"

"नाही."

"सवतीचं पातळ?"

"धोतराचा तुकडा आहे. वडिलांच्या."

"मग त्यांच्या म्हाळालाच काढा की बाहेर," असे म्हणून तिने ते पुन्हा ट्रंकेत टाकले. वडिलांच्या श्राद्धाला अजून चार दिवस होते. तेवढ्यात माझा फोन वाजला.

फोन मृणालचा होता. मृणाल ही आमच्या शहरातल्या चित्रसंग्रहालयाची अभिरक्षक. वय तिशीच्या आत, आवाज शांत, काम चोख. चित्रांची देखभाल, नोंदी, भिंतीवर कोणते चित्र कुठे लावायचे, हे सारे तिच्याकडे असते. तिने विचारले, "सर, 'घाटावरचे धुणे' या चित्राचा एखादा जुना रंगीत फोटो तुमच्याकडे आहे का? तुम्ही त्या काळात इथं मदतीला यायचात, असं ऐकलंय."

"का? काय झाले?"

"संवर्धक येतायत सोमवारी. संग्रहालयाला त्या दिवशी सुट्टी असते, म्हणजे निवांत काम होईल. नोंदवहीत लिहिलंय की पावसाचं पाणी आत येऊन चित्र फिकं पडलं आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात तपकिरी डाग पडले. ते डाग काढायचं ठरलंय."

मी म्हणालो, "फोटो नाही." फोन ठेवला. मग ट्रंकेशेजारी जमिनीवरच बसलो. शालनने विचारले, "चक्कर आली काय?" मी नाही म्हणालो. ते तपकिरी डाग पावसाचे नाहीत, हे पृथ्वीच्या पाठीवर फक्त मला ठाऊक आहे, अशी माझी त्या क्षणी समजूत होती. ती चुकीची निघाली, पण ते नंतर.

सदतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. शाळेत नुकताच कायम झालो होतो. संग्रहालयात माणसे कमी, म्हणून दसरा काढायच्या दिवसांत तेव्हाचे अभिरक्षक शहरातल्या दोन-तीन चित्रकला शिक्षकांना मदतीला बोलावत. आम्ही त्यांना साहेब म्हणत असू. फडक्याने फ्रेमा पुसायच्या, काचा कागदाने घासायच्या, चित्रांच्या पाठीमागची जाळी काढायची, एवढेच काम. चित्राच्या रंगाला हात लावायचा नाही, हे साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. मी ते ऐकले होते. ऐकणे आणि मानणे यांत पडलेल्या अंतराविषयीच हा लेख आहे.

त्या दालनाचा वास अजून माझ्या नाकात आहे. ओल्या चुन्याचा, जवसाच्या तेलाचा, जुन्या लाकडाचा, आणि उत्तरेकडच्या खिडक्यांतून येणाऱ्या तेरड्याच्या ओल्या पाल्याचा. एका रांगेत दहा खिडक्या होत्या. बाबूराव शिपाई सकाळी त्या एकेक करून उघडत आणि संध्याकाळी, किंवा पावसाची चाहूल लागली की, एकेक करून लावत. कड्यांचा आवाज दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाई. बाबूराव तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. खाकी कपडे, काखेत छोटी फडकी, आणि चित्राजवळ कुणी फार वेळ उभे राहिले की मागून सूचना, "पावणं, तीन पावलं मागं. चित्र नाकानं बघायचं नसतंय."

हे वाक्य मी पुढे वर्गात वापरले. कोणाचे आहे ते सांगितले नाही.

'घाटावरचे धुणे' हे सुमारे चार फूट रुंदीचे तैलचित्र. चित्रकार आमच्याच भागातला, नोंदवहीत त्याचे नाव अर्धवट आहे. विषय दसरा काढण्याचाच. घाटाच्या दगडी पायऱ्या, त्यांवर पसरलेल्या वाकळा, मध्यभागी दोघीजणी ओली वाकळ दोन टोकांना धरून पिळताहेत, मागे नदी, आणि दूर दीपमाळेच्या पायथ्याशी एका दिव्याचा पणतीएवढा उजेड. सारे चित्र संध्याकाळच्या सावलीत बुडालेले. बायकांचे चेहरे दिसत नसत. वाकळांचे तुकडे ओळखू येत नसत. नीट पाहिले, तर डोळे सरावल्यावर एखादा लाल, एखादा मोरपंखी हळूहळू वर येई. पाहणाऱ्याला थांबावे लागे. मी थांबलो नव्हतो. मला ते चित्र मळलेले वाटले.

येथे एक तांत्रिक गोष्ट सांगणे भाग आहे. तैलचित्र वाळल्यावर काही चित्रकार त्यावर अत्यंत पातळ, पारदर्शक रंगाचा लेप देतात. त्याला ग्लेझ म्हणतात. काचेतून पाहावे तसे खालचे रंग त्यातून दिसतात, पण त्यांची वेळ बदलते. त्या चित्रकाराने दुपार रंगवली होती आणि मग एका लेपाने तिची संध्याकाळ केली होती. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. परीक्षेत त्यावर मी टीपही लिहिली होती.

फ्रेमा बनवणाऱ्या एका कारागिराने मला एक कृती सांगितली होती. तैलचित्र काळवंडले, की बटाट्याचा काप त्यावरून फिरवावा, चित्र उजळते. आणि वाकळेचा हट्टी मळ धुण्याच्या सोड्याने निघतो, हे तर घरात रोज पाहत होतो. दोन्ही ज्ञाने मी एकत्र केली. मला साहेबांना चकित करायचे होते. दुपारी साहेब बाहेर गेले, बाबूराव जेवायला बसले, आणि मी पिशवीतून दोन बटाटे, चाकू, सोड्याची पुडी आणि वडिलांच्या जुन्या धोतराचा तुकडा काढला. वाटीत पाणी, पाण्यात चिमूटभर सोडा. काप त्यात बुडवायचा, उजव्या खालच्या कोपऱ्यापासून गोल फिरवत जायचे, फडक्याने टिपून घ्यायचे.

चित्र खरोखर उजळले. पायऱ्या मोकळ्या झाल्या. वाकळेचा लाल तुकडा लाल झाला, हिरवा हिरवा झाला. बायकांचे चेहरे बाहेर आले. एकीच्या कपाळावर कुंकू होते, ते इतकी वर्षे कुणाला ठाऊकच नव्हते. मला जो आनंद झाला, त्याची आजही लाज वाटते. स्टुलावर चढलो, हात वर सरकत गेला. दिव्यापर्यंत पोचला, दिव्याच्या पुढे गेला. वरच्या डाव्या बाजूची दोन विती जागा राहिली असताना मी फडके पिळले.

पिळलेले पाणी करडे नव्हते. ते काकवीच्या रंगाचे होते. तांबूस, दाट, उबदार. त्याला जवसाच्या तेलाचा आणि राळेचा वास होता. घरोघरी वाकळांचे पाणी पाहत वाढलेला मुलगा मी. मळाचे पाणी असे नसते, हे मला त्या क्षणी कळले, आणि मग दिव्याकडे पाहिले. दिवा विझला होता. म्हणजे चित्रकाराने लावलेला पिवळा रंग जागेवरच होता, एक कणही हलला नव्हता. भोवतीचा काळोख गेला होता. त्यामुळे तो उजेड राहिला नाही, नुसता पिवळा ठिपका राहिला.

मी सामान आवरले. फडके मात्र टाकवेना. ते सायकलच्या कॅरिअरला लावून घरी नेले, सावलीत वाळवले आणि वर्तमानपत्रात बांधले.

त्याच दिवशी दुपार कलल्यावर उत्तरा नक्षत्राचा मोठा पाऊस झाला. जणू कुणीतरी माझ्यासाठी सोय केली.

दुसऱ्या दिवशी आलेले प्रेक्षक त्या चित्रापुढे खोळंबले. "किती लख्ख दिसतंय," असे एक गृहस्थ म्हणाले. साहेब मात्र चित्रापुढे आले, तीन पावले मागे गेले, आणखी तीन पावले मागे गेले, आणि तसेच उभे राहिले. मग त्यांनी बाबूरावांना बोलावले. मी शेजारीच होतो, हातात काच पुसायचा कागद.

"हे काय झालं?"

बाबूराव म्हणाले, "काल पाऊस आला आत, सायेब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहण्याचे काही कारणच नव्हते. ते खोलीत गेले, नोंदवही काढली आणि लिहिले. आठवडाभराने बाबूरावांना दालनातून काढून फाटकावर बसवले. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. नंतरची कित्येक वर्षे मी मुलांना घेऊन संग्रहालयात जात असे. फाटकावर बाबूराव हात वर करत, "या मास्तर," आणि मुलांना सांगत, "चपला वळीनं लावा रं." त्या फाटकापासून दालनापर्यंतचे अंतर मी मोजले आहे. एकशे बारा पावले. ती कधी सरळ पडली नाहीत.

वर्गात मात्र मी ग्लेझ फार मनापासून शिकवला. उजेड काढायचा असेल, तर उजेडाच्या भोवती काम करा, असे सांगितले. खोडरबर वापरू नका, असे सांगितले. चुकलेली रेघ राहू द्या, तिच्याशेजारी बरोबर रेघ काढा, म्हणजे कुठे चुकलात ते कळेल. मुले वहीत लिहून घेत. माझी चुकलेली रेघ ट्रंकेत होती.

मृणालचा फोन बुधवारी आला. शालन वाकळा उलटवत होती आणि मी दिवस मोजत होतो. सोमवारी एक जाणकार माणूस येईल. कापसाचा बोळा एखाद्या द्रवात बुडवेल, आणि त्या चित्रात उरलेली शेवटची संध्याकाळ, दोन वितींची, डाग समजून अत्यंत काळजीपूर्वक पुसून टाकील. मी अर्धवट सोडलेले काम माझ्या गप्प बसण्याने पूर्ण होईल. बोललो, तर काय होईल, याचेही हिशेब मनात होतेच. या शहरात माझे विद्यार्थी आहेत. त्यांतले काही स्वतः शिक्षक आहेत. मी त्यांचा सर आहे. म्हातारपणी माणसाकडे एवढेच काय ते उरते.

आणि बोलायचे, तर बाबूरावांचा शब्द खोटा पाडायचा. म्हणून शुक्रवारी मी गडहिंग्लजची एसटी धरली. हे कारण खरे होते, पण पुरते खरे नव्हते. जाऊ द्या मास्तर, कशाला उकरताय, असे ते म्हणतील, अशी एक भित्री आशाही पिशवीत होती.

कागल मागे पडले, की थोड्या वेळाने दुकानांच्या पाट्या कन्नड होतात. निपाणी, संकेश्वर, आणि मग पुन्हा मराठी. दोन्ही बाजूंना ऊस माणसाच्या वर गेलेला, बांधावर सोनकीची पिवळी फुले. एरवी मी असा रस्ता डोळ्यांनी रंगवत गेलो असतो. त्या दिवशी फक्त पुढच्या सीटच्या पत्र्यावरचे स्क्रू मोजले.

बाबूराव मुलीकडे राहतात. त्यांच्या मुलीने दारातूनच आत आवाज दिला, "अप्पा, कोल्लापुरास्नं पावणं आल्यात." ते पडवीत बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. हात कापत होते, पण शेंग पहिल्या दाबातच फुटत होती.

"कोन? मास्तर? बसा की. लई म्हातारं झालासा."

"तुम्ही आहात तसेच आहात, बाबूराव."

"खोटं बोलायची सवं अजून हाय म्हनायची," ते म्हणाले आणि मूठभर दाणे माझ्यापुढे सरकवले.

मी सांगायला सुरुवात केली. व्यवस्थित, क्रमाने, जसे वर्गात सांगतो तसे. साहेब बाहेर गेले होते, तुम्ही जेवायला बसला होतात, माझ्याकडे दोन बटाटे होते. तेवढ्यात त्यांनी शेंग फोडता फोडता विचारले, "आनि बटाट्याची साल कुनी झाडली वाटतं तुमास्नी?"

मी थांबलो.

"स्टुलाखाली पडलीती. सोड्याचा कागद बी. भिजून लगदा झालावता."

"म्हणजे तुम्हाला माहीत होते?"

"शिपाय हाय मी मास्तर. केर माझा."

"मग साहेबांना पाऊस आला असे का सांगितलेत?"

"सायेब तापल्यालं. तुमी हुबारल्यालासा पांढरंफट्टक. नवी नोकरी, पोरास्नी शिकवत हुता. म्हनलं, घालावं पावसावर. पाऊस काय सस्पेन हुतोय व्हय?"

आतून त्यांची मुलगी हसली. बाबूराव हसले नाहीत. मी विचारले, "पण शिक्षा तुम्हाला झाली. फाटकावर बसवले."

"फाटकावर बरं हुतं. वारं हुतं, मानसं हुती." मग त्यांनी टरफले बाजूला सारली. "एकच वंगाळ झालं. सायबानं वहीत लिवलं, शिपायानं खिडकी उघडी टाकली. मी खिडकी म्हनलोच न्हवतो. मी पाऊस म्हनलो. कौलातनं बी येतोय की पाऊस. बारा वर्सं दालनात खिडक्या लावल्या मी. धाच्या धा, वळीनं. येक दिस चुकलो न्हाय. त्या दिवशी बी न्हाय."

"कुणी दाखवले तुम्हाला ते लिहिलेले?"

"सही घेतली की माझी त्याखाली. वाचाय येतंय मला."

सदतीस वर्षे मी त्यांच्यावरच्या अन्यायाचे ओझे वाहिले, असे मला वाटत होते. पण अन्याय नेमका कुठे होता, हे मला ठाऊकच नव्हते. चित्राचा आळ त्यांनी स्वतः उचलून घेतला होता. तो त्यांना जड नव्हता. खिडकीचा जड होता.

निघताना त्यांनी दाण्यांची पुरचुंडी हातात दिली. "जावा आनि सांगा काय ते. वायदा कशाचा करताय. आनि खिडकीचं तेवढं बगा जमलं तर."

शनिवारी सकाळी, संग्रहालय उघडायच्या वेळी, मी गाठोडे घेऊन गेलो. शालनने विचारले नाही. दाराशी फक्त म्हणाली, "सोडलं का घर त्यानं एकदाचं?" फाटकापासून दालनापर्यंत एकशे बारा पावले. मध्ये एकदा मी परत फिरलो होतो, हेही नोंदवून ठेवतो.

मृणालने सारे शांतपणे ऐकले. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हतो, टेबलावरच्या टाचणीच्या डबीकडे पाहत होतो. माझे बोलणे संपल्यावर तिने एक कोरा कागद पुढे ओढला. मग तिने विचारले, "सोडा किती होता, सर?"

"चिमूटभर. वाटीभर पाण्यात."

"कोमट की गार?"

"गार."

"आणि फडकं?"

मी सुतळी सोडली. तिने हातमोजे घातले, वर्तमानपत्र अलगद उलगडले आणि धोतराचा तुकडा चिमट्याने उचलून पांढऱ्या कागदावर ठेवला. तो कडक झाला होता. काकवीचा रंग किंचित काळवंडला होता, पण होता. ती कागदासकट तो दालनात घेऊन गेली आणि चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्याशेजारी धरला. उत्तरेच्या खिडकीतून भाद्रपदातल्या उन्हाचा स्वच्छ उजेड येत होता. त्या उजेडात दोन्ही रंग एकच होते.

तिने तिथूनच फोन लावला. "सोमवारचं काम थांबवायचंय. नाही, डाग नाहीयेत ते. मूळ रंग आहे. हो, पुरावा आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ते म्हणतायत, गेलेलं परत आणता येणार नाही. पण फडक्यावरून मूळ लेप कशाचा होता ते कळेल. कोपरा तसाच ठेवू."

"म्हणजे चित्र असेच राहणार? अर्धी दुपार, अर्धी संध्याकाळ?"

"अर्धी नाही सर. दोन विती," ती म्हणाली. त्यात टोमणा होता, आणि तो मला मिळायलाच हवा होता.

मग तिने जुनी नोंदवही काढली. साहेबांचे टपोरे अक्षर, निळी शाई. खाली बाबूरावांची सही, एकेक अक्षर जपून काढलेली. "सर, ही नोंद दुरुस्त करावी लागेल, आणि तुमचं नाव येईल. पुढं जे कुणी या चित्रावर लिहितील, ते वाचतील."

"येऊ द्या," मी म्हणालो.

"मग तुम्हीच लिहा, तुमच्या अक्षरात. नियम माहीत आहे ना? मूळ नोंद खोडायची नाही. एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी दुरुस्ती आणि सही."

नियम मला माहीत होता. छत्तीस वर्षे मी तोच शिकवला होता. मी पट्टी घेतली, रेघ मारली. समासात लिहिले, की सदर हानी पावसाने झालेली नाही, ती माझ्या हातून झाली. कशाने झाली तेही लिहिले, बटाटा, सोडा, सगळे. वरच्या डाव्या कोपऱ्यातील रंग डाग नसून मूळ आहे, तो पुसू नये. मग आणखी एक वाक्य वाढवले. 'त्या दिवशी खिडकी बंद होती.' खाली सही केली.

संध्याकाळी मी गडहिंग्लजला फोन लावला. त्यांच्या मुलीने तो बाबूरावांच्या कानाशी धरला. मी दुरुस्ती अक्षरन् अक्षर वाचून दाखवली.

मग ते म्हणाले, "कडी बी घातलीती."

रविवारी वडिलांचे श्राद्ध उरकून मी पुन्हा गेलो. मृणालने काही न विचारता वही पुढे केली. समासात जागा फारच थोडी उरली होती. अक्षर बारीक काढावे लागले.